पंचवीस तासांचा दिवस

समुद्रपर्यटनाचे वेड आता आपल्या समाजातही चांगलेच रुजले आहे. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप किंवा कोचीपर्यंत जाणाऱ्या, तसेच सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरींवर मित्रमंडळींचे गट जातात, साठीचे समारंभ होतात, कधी लग्नेही लागतात. या सफरींत एक-दोन दिवसांनी किनारा येतो, उतरून बाजारहाट होतो आणि पुन्हा जहाजावर परतायचे असते. वेळ कसा घालवावा हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तो उद्भवतो सलग पाच-सहा दिवस जमिनीचा ठिपकाही दिसणार नसतो तेव्हा. ज्याने आयुष्यभर सकाळी साडेदहाला पेढी उघडली आणि रात्री आठला हिशेब मिळवून बंद केली, त्या माणसाला असे सहा दिवस सोसणे किती जड जाते, हे नगरच्या आडते बाजारातील एका भुसार व्यापाऱ्याच्या अनुभवावरून ध्यानात येते.

वय ६६. व्यापारात ४४ वर्षे. गेल्या दिवाळीला वहीपूजनाच्या मुहूर्तावर त्यांनी पेढी मुलाच्या स्वाधीन केली. निदान कागदोपत्री तरी केली. गादीवर मुलगा बसू लागला. पण कोणाला किती उधारी द्यायची याचा अखेरचा शब्द बाबूजींचाच राहिला आणि तिजोरीची दुसरी किल्ली कोठे असते, हे बाबूजींखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात पुतण्याकडे लेस्टरला जायचे ठरले. तेथील जैन सेंटर पाहण्याची पत्नीची जुनी इच्छा होती. एका जुन्या चर्चच्या इमारतीत उभे राहिलेले आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेले हे देरासर शुभ्र संगमरवरी कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. लेस्टरहून पुढे लेकीकडे, न्यू जर्सीतील एडिसनला जायचे होते. विमानाने सात-आठ तासांचा हा प्रवास. परंतु पुतण्याने जहाजाची तिकिटे काढली आणि मुलाने त्यात भर म्हणून वडिलांच्या फोनसाठी जहाजावरील इंटरनेटची जोडणी घेऊन दिली. ही दुसरी भेट आईला मुळीच आवडली नव्हती.

जहाज होते 'क्वीन मेरी २'. जानेवारी २००४ मध्ये सेवेत आलेले हे जहाज ३४५ मीटर लांब आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनहून निघून ते उत्तर अटलांटिक ओलांडते आणि सात रात्रींनी न्यूयॉर्कला पोहोचते. वाटेत एकही बंदर नाही. अंतर तीन हजार सागरी मैलांहून अधिक. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तासाला साधारण चाळीस किलोमीटर म्हणजे आपली नगर-पुणे एसटी बरी म्हणायची! या वाटेने जाणाऱ्या भारतीय प्रवाशाजवळ ब्रिटन आणि अमेरिका अशा दोन्ही देशांचा व्हिसा असावा लागतो, एवढे सांगून पुढे जाऊ.

निघण्यापूर्वी पत्नीने स्थानकात जाऊन साध्वीजींना दोन गोष्टी विचारल्या होत्या. साधू-साध्वींना वाहनाचा त्याग असतो, त्यामुळे जहाजावर मार्गदर्शन मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जे काय पचखायचे ते स्वतःच्या भरवशावर. चालत्या वाहनात सामायिक घ्यावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. साध्वीजींनी सुचवले की प्रवासात संवर करावा आणि वेळ मात्र सामायिकाएवढाच, ४८ मिनिटांचा, धरावा. दुसरा प्रश्न दिग्व्रताचा होता. सहाव्या व्रतात श्रावक पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, वर आणि खाली अशी सहा दिशांची मर्यादा घालून घेतो. दहाव्या देशावकाशिक व्रतात तीच मर्यादा त्या-त्या दिवसापुरती आणखी आखडून घेतो. बाईंनी जहाजावरचे सहाही दिवस जहाजापुरते देशावकाशिक पचखले. म्हणजे लांबी ३४५ मीटर. यजमान हसून म्हणाले, "अगं, जहाजाबाहेर जाणार कुठे? याला काय व्रत म्हणायचं?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही जाणार आहात. फोनवरून."

जहाजावर वेळ घालवण्याच्या साधनांची वानवा नव्हती. प्रशस्त ग्रंथालय, तारांगण, व्याख्याने, ब्रिजचे डाव, हौशी प्रवाशांचे गायनवृंद, दुपारचा चहा, रात्रीचे नृत्य. कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र खोल्या आहेत आणि त्यांचे मालक ठराविक वेळी त्यांना भेटायला जातात, याचे बाईंना मोठे कौतुक वाटले. जुगाराचे दालनही आहे. त्याच्या दारावरून जाताना बाईंनी सात व्यसनांचा उल्लेख केला, तेव्हा वायदेबाजारात तरुणपण घालवलेल्या माणसाने द्यूताविषयी फार बोलू नये, असे यजमानांनी स्वतःच कबूल केले. सातव्या मजल्यावर जहाजाला पूर्ण वळसा घालणारा लाकडी फळ्यांचा फिरण्याचा मार्ग आहे. तीन फेऱ्या झाल्या की सुमारे १.८ किलोमीटर होतात. पहिल्या दिवशी त्यांनी नऊ फेऱ्या मारल्या आणि मग बाकावर बसून घड्याळ पाहिले, तर सकाळचे साडेनऊच वाजले होते.

जेवणाची चिंता मात्र निघण्यापूर्वी जेवढी वाटली तेवढी उरली नाही. कांदा-लसूण, बटाटा, गाजर आणि इतर कंदमुळे वर्ज्य असल्याचे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवले होते. त्यांच्या टेबलावरचा वाढपी दक्षिण गोव्यातील निघाला. त्याचे वडील आणि आजोबाही तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे. रोज रात्री तो दुसऱ्या दिवसाच्या पदार्थांची यादी घेऊन येई आणि मराठीत विचारी, "काका, उद्या यातलं काय चालेल?" रात्रिभोजनत्यागाच्या दृष्टीने जून महिना सोयीचा ठरला. त्या दिवसांत साउदॅम्प्टनला सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि न्यूयॉर्कला साडेआठच्या सुमारास. जेवणाची पहिली पंगत संध्याकाळी सहाची असते. ऑक्टोबरअखेर हीच सफर केली तर सहाच्या पंगतीत बसूनही चौविहार साधणे अवघड होईल. ज्यांना असा बेत आखायचा आहे, त्यांनी तिकिटाच्या दराआधी सूर्यास्ताचे कोष्टक पाहावे. आणखी एक गंमत अशी की, जहाजाच्या कठड्यावर समुद्रापासून ३० मीटर उंचीवर उभे राहिले असता क्षितिज जवळजवळ २० किलोमीटर दूर असते. नगरला सूर्य समोरच्या इमारतीच्या मागे गेला की पाणी सोडायचे; येथे तो अखेरच्या कडेपर्यंत दिसतो आणि शंकेला जागा राहत नाही. अर्थात धुके नसेल तर!

आता मुख्य गोष्ट. पृथ्वीवरील वेळ पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना मागे पडत जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. विमानात हा फरक एकदमच अंगावर येतो आणि दोन दिवस झोपेचा विचका होतो. जहाजावर तो हप्त्याहप्त्याने येतो. साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्या वेळांत पाच तासांचे अंतर आहे; म्हणून पश्चिमेकडे जाताना सातांपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. ते दिवस पंचवीस तासांचे होतात. आपल्या शास्त्राप्रमाणे अहोरात्राचे ३० मुहूर्त, आणि मुहूर्त ४८ मिनिटांचा. पंचवीस तासांच्या दिवसात सव्वाएकतीस मुहूर्त बसतात. पाच दिवसांची मिळून सव्वासहा मुहूर्तांची जास्तीची जमा. उलट दिशेने, न्यूयॉर्कहून साउदॅम्प्टनला येताना, हाच तास भर दुपारी बारा वाजता गिळला जातो आणि बारानंतर एकदम एक वाजतो. व्यापाऱ्याने कोणत्या दिशेने जावे, हे सांगायला नको.

यजमानांनी सोबत एक लहान लाल वही घेतली होती. पहिल्या रात्री त्यांनी तीत सवयीने जमा आणि नावे असे दोन रकाने आखले. नावे बाजूस लिहिले : चालणे दोन तास, जेवण तीन तास, खिडकीतून पाहणे चार तास. जमा बाजू कोरी. काय लिहावे ते सुचेना.

कारण त्यांचे खरे लक्ष नगरला होते. पेढी भारतीय वेळेनुसार साडेदहाला उघडते. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतात. समुद्रावरच्या पहिल्या सकाळी त्यांनी बरोबर सहाला मुलाला संदेश पाठवला, भाव विचारले, आवक विचारली, एका गाडीच्या भाड्याबद्दल कानउघाडणी केली आणि समाधानाने फिरायला गेले. त्या रात्री घड्याळ तासाने मागे गेले. दुसऱ्या दिवशी पेढी उघडण्याची वेळ पहाटे पाच झाली. तिसऱ्या दिवशी चार. जहाज पुढे जात होते आणि आडते बाजार रोज एकेक तास अंधारात सरकत होता. बाईंनी रात्री झोपताना फक्त एवढेच विचारले, "अहो, शेवटच्या दिवशी दुकानात जायला रात्री एकला उठणार का?"

बाईंचा स्वतःचा वेळ मात्र पुरत नव्हता. त्यांनी उत्तराध्ययन सूत्राचा मराठी अनुवाद बरोबर आणला होता. अध्ययने ३६, पूर्ण समुद्राचे दिवस सहा. रोज सहा अध्ययने. हा हिशेब त्यांनी घरीच केला होता आणि तोही कोणत्याही रकान्यांवाचून. दुसऱ्या दिवशी दहावे अध्ययन आले. भगवान महावीर गौतमाला क्षणाचाही प्रमाद करू नकोस असे ज्यात पुन्हा पुन्हा बजावतात, ते हे द्रुमपत्रक. आरामखुर्च्यांवर पांघरूण घेऊन झोपलेल्या शेकडो माणसांमध्ये बसून ते वाचताना आपल्याला हसू आले, असे त्यांनी नंतर सांगितले.

तिसऱ्या पहाटे चार वाजता मुलाचा लांब संदेश आला. मराठवाड्यातील एक जुना गिऱ्हाईक ११ लाखांचा माल ४५ दिवसांच्या उधारीवर मागत होता. त्याची मागची बाकी थकलेली होती. पण संबंध तीस वर्षांचे, आणि नाही म्हटले तर तो शेजारच्या पेढीवर जाणार हे उघड होते. काय करू, असे मुलाने विचारले होते. यजमानांनी उत्तर दिले, "थांब. उद्या सांगतो." दिवसभर ते त्याच विवंचनेत राहिले. दुपारी बारा वाजता कप्तान ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे स्थान, वेग आणि समुद्राची स्थिती सांगतात, तो या जहाजाचा रोजचा परिपाठ. सगळे प्रवासी कान देऊन ऐकतात. खाली साडेतीन हजार मीटर पाणी होते आणि यजमान मनात त्या गिऱ्हाइकाच्या जावयाची पत मोजत होते.

समुद्र ओलांडताना मागे पाहण्याविषयी आपल्या आगमात एक प्रसिद्ध कथा आहे. ज्ञाताधर्मकथेतील माकंदीच्या दोन मुलांनी, जिनपालित आणि जिनरक्षित यांनी, अकरा वेळा यशस्वी समुद्रव्यापार केला आणि आईवडिलांचा निषेध डावलून बारावी सफर काढली. जहाज फुटले. रत्नद्वीपावरील देवीच्या तावडीतून यक्षाने त्यांना पाठीवर घेऊन सोडवले, अट एकच की मागे पाहायचे नाही. जिनरक्षिताने पाहिले, आणि तो गेला. व्यापारी घराण्यांत ही कथा मुलांना आसक्तीचा धोका सांगण्यासाठी ऐकवतात. परंतु बारीक विचार केला तर लक्षात येते की, अकरा सफरींचा नफा गाठीशी असलेली ही माणसे नवशी नव्हती. मागे पाहण्याचा मोह अनुभवी माणसालाच अधिक होत असावा.

आपल्या समाजाला समुद्र परका कधीच नव्हता. भायखळ्याच्या मंदिरामुळे आणि शत्रुंजयावरील टुंकेमुळे ज्यांचे नाव आजही घेतले जाते, ते शेठ मोतीशा जहाजांचे मालक होते आणि त्यांचा व्यापार चीनपर्यंत चालत असे. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना आले. साधूच्या आचारामुळे त्यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी जैन समाजाचे प्रतिनिधी म्हणून गेले. वय अवघे २९. विमान नव्हते, मुंबईहून अमेरिकेपर्यंत सारा सागरी मार्ग जहाजानेच. परतल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल समाजातीलच काहींनी त्यांना विरोध केला. आज त्याच पाण्यावर गोव्याचा तारवटी कांद्याविना आमटीची चौकशी करतो, हा फरक लहान नाही.

चौथ्या दिवशी जहाज न्यूफाउंडलंडच्या उथळ समुद्रपट्ट्याच्या दक्षिणेस येऊ लागले. गल्फ प्रवाहावरून येणारी उबदार, दमट हवा येथे लॅब्राडोरच्या थंड प्रवाहावर येते आणि जूनमध्ये दाट धुके पडते. 'टायटॅनिक' १५ एप्रिल १९१२ रोजी बुडाले तेही याच बाजूच्या पाण्यात. पहाटे तीनला गजर वाजला तेव्हा खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नव्हते आणि जहाजाचा भोंगा वाजत होता. धुक्यात चालत्या जहाजाने दोन मिनिटांहून अधिक खंड न पाडता एक दीर्घ भोंगा देत राहावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

यजमानांनी फोन हातात घेतला आणि शेजारी पाहिले. बाई जाग्या होत्या. आसन घालून, मुहपत्ती बांधून, वाळूचे घड्याळ उलटे करून बसल्या होत्या. भोंग्याने झोप मोडली, म्हणून संवर घेतला होता. संवरात बसलेल्या माणसासमोर व्यापाराचे बोलणे बरे नव्हे. खोली एकच, आणि बाहेरच्या मार्गावर जावे तर धुके. यजमान काही वेळ तसेच बसले. मग फोन उशीखाली ठेवून त्यांनीही संवर पचखला. मन ठरेना, म्हणून त्यांनी प्रत्येक भोंग्याला एकेका तीर्थंकरांचे नाव घ्यायला सुरुवात केली. ऋषभदेव, अजितनाथ, संभवनाथ. वाळू पूर्ण खाली उतरली तेव्हा ते महावीर स्वामींपर्यंत पोहोचले होते. ४८ मिनिटे, दोन मिनिटांना एक. २४ चा हिशेब चोख जमला होता. नंतर ते आडवे झाले आणि त्यांना गाढ झोप लागली.

जागे झाले तेव्हा नऊ वाजले होते. नगरला दुपारचे साडेचार. मुलाचा संदेश आलेला होता : "बाबूजी, तुमची वाट पाहिली. मागची बाकी आधी चुकती करून घेतली. निम्मा माल रोखीने दिला. बाकीच्याला नाही म्हटलं. राजी होऊन गेले."

त्यांनी तो तीनदा वाचला. उधारी द्यायची की नाकारायची, या दोनच वाटा त्यांनी दिवसभर तोलल्या होत्या; ही तिसरी त्यांना सुचली नव्हती. त्यांना आनंद झाला का? नाही, लगेच तरी नाही. न्याहारीच्या वेळी ते म्हणाले, "त्यानं विचारलं नाही." बाई म्हणाल्या, "विचारलं होतं. तुम्ही उठला नाहीत." आणि नंतर काही वेळ दोघेही गप्प होते. त्या दिवशी त्यांनी बारा फेऱ्या मारल्या.

दुपारी बाईंनी त्यांना एकविसावे अध्ययन वाचून दाखवले. चंपानगरीचा पालित नावाचा व्यापारी, भगवान महावीरांचा श्रावक, जहाजाने पिहुंड नगरीला व्यापारासाठी गेला. तेथेच त्याचे लग्न झाले. पत्नीला घेऊन परत येताना तिने समुद्रातच मुलाला जन्म दिला, म्हणून त्याचे नाव समुद्रपाल. पुढे वधस्थानाकडे नेला जाणारा एक अपराधी दृष्टीस पडला आणि समुद्रपालाने दीक्षा घेतली. यजमानांनी ही कथा पूर्वी व्याख्यानात ऐकली होती. या वेळी त्यांनी एक वेगळाच प्रश्न केला : "मग पालितच्या पेढीचं काय झालं?" बाईंनी पुस्तक चाळून पाहिले. त्याबद्दल सूत्रात काही नाही.

पाचव्या आणि सहाव्या दिवसाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, आणि तसे ते असूही नये. गजर लावला गेला नाही. यजमानांनी ग्रंथालयात जाऊन जगाच्या नकाशांचे एक मोठे पुस्तक काढले आणि मिरी, कापूस, नीळ यांचे जुने मार्ग बोटाने शोधत दोन दुपारी घालवल्या. गोव्याच्या त्या वाढप्याला त्यांनी पगार, सुट्या, घरचे कर्ज असे सगळे विचारले आणि ठेवीवर व्याज कसे मोजायचे हे कागदावर समजावून दिले. तारांगणात अंधार होताच त्यांना झोप लागली. बाईंचे छत्तिसावे अध्ययन सहाव्या संध्याकाळी, सूर्य वर असतानाच, पूर्ण झाले. लाल वहीत त्या दोन दिवसांची नोंद नाही.

सातव्या दिवशी पहाटे जहाज न्यूयॉर्कच्या तोंडाशी व्हेराझॅनो पुलाखाली येते. हे जहाज त्या पुलाखालून जेमतेम जाईल अशाच बेताने बांधलेले आहे. चिमणी आता पुलाला लागणार असे वाटून वर उभी असलेली सारी माणसे श्वास रोखतात. पूल मागे पडला, लांबवर मॅनहॅटनचे दिवे दिसू लागले आणि सहा दिवसांनी प्रथमच जमिनीवरचे नेटवर्क मिळाले. पहाटेचे पाच वाजले होते. नगरला दुपारचे अडीच. जेवणानंतर बाजार थोडा सुस्तावतो ती वेळ. यजमानांनी मुलाला फोन लावला. भाव विचारला नाही, आवकही विचारली नाही. खुशाली झाल्यावर ते एकदम म्हणाले, "ऐक, तिजोरीची दुसरी किल्ली जुन्या वह्यांच्या कपाटात आहे. १९९८ च्या खातेवहीच्या मागे."

पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग मुलगा म्हणाला, "माहीत आहे, बाबूजी. दोन वर्षं झाली."